काष्टीत जोडीदार मिळेना

बँकेने काष्टीला बदली केली तेव्हा भिंगारच्या घरी मी सगळ्यात आधी ज्यूदोचा पोशाख बॅगेत भरला. तिथला ज्यूदो क्लब सुटला तरी सराव सोडायचा नाही, हे पक्कं होतं. पण ज्यूदोला समोर माणूस लागतं. धरायला, ओढायला, पाडायला. तेच मिळेना.

गावात कुस्तीची तालीम होती. एका संध्याकाळी तिथे गेले. वस्ताद म्हातारे, बोलायला गोड.

"ताई, तुमी आलात, बरं वाटलं. पन हितं समदी पोरं लंगोटावर असत्यात. न्हाई जमायचं."

"पोरं यायच्या आधी, पहाटे येते."

"मग धरनार कुनाला?"

रागारागाने चपला घालून मी निघाले.

मग भाड्याच्या खोलीवरच्या गच्चीत खांबाला सायकलची जुनी ट्यूब बांधली. रोज बँक सुटली की वळायचं, कंबर आत घालायची, ट्यूब ओढायची. ट्यूब दचकत नाही, पाय मागे घेत नाही, उलटा डाव टाकत नाही. महिन्याभरात मला तिचा तिटकारा आला.

एकदा घरमालकीण काकू वर आल्या. "काय गं, रोज धपाधपा लावलंय? खाली पोपडे पडाया लागलेत."

मी सगळं सांगितलं. त्यांनी पदर खोचला. "त्यात काय! मला धर की. पाडू नको मातर."

मी त्यांचे दंड धरले, वळले, आणि काकू खिदळत खालीच बसल्या. "गुदगुल्या व्हत्यात लई!" पुन्हा धरलं, पुन्हा तेच. मीही हसले. खोलीत आल्यावर मात्र रडू फुटलं.

दिवाळीच्या सुट्टीत भिंगारला क्लबमध्ये गेले. जिला मीच पडायला शिकवलं होतं, त्या मुलीने पहिल्याच झटक्यात मला मॅटवर आपटलं.

क्लबचे सर म्हणाले, "ओढ चांगली आहे. पण समोरचा हलतो, हे विसरलीस."

"विसरले नाही, सर. तिकडे समोर कुणी नसतंच!" माझा आवाज चढला. मॅटवरचे सगळे बघायला लागले.

सरांनी त्यांच्याकडे हात केला. मग म्हणाले, "आज आहेत ना? ऊठ."

उठले. त्या संध्याकाळी एकामागून एक सगळ्यांनी मला पाडलं. मला एकालाही पाडता आलं नाही. तरी सरांनी दिवे बंद करायला घेतले तेव्हा मी म्हटलं, "अजून एकदा."