समुद्राला गोडं पाणी

बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत मी अठ्ठावीस वर्षं बसलो. समोरचा माणूस "पवनारची..." म्हणेपर्यंत मी "तीन नंबर, सव्वादहा" सांगून मोकळा झालेला असायचो. तो बिचारा पवनारच्या गाडीत राहिलेली पिशवी विचारायला आलेला असायचा, ते वेगळं. निवृत्तीनंतरही ही खोड गेली नाही. समोरच्याचं पुरतं ऐकून घेणं मला जमत नाही, आणि हे सांगताना मला कधी लाज वाटत नसे. आता वाटते.

माझी बायको ज्युनियर कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होती. द्रावणं करून ठेवायची, काचेच्या नळ्या धुवायच्या, तराजू पुसून झाकायचा. शिकवायचे मास्तर, प्रयोग करायची पोरं, आणि ही सगळी तयारी करून बाजूला उभी. निवृत्त झाली त्याच आठवड्यात जेवताना म्हणाली, "मले घरात समुद्राच्या पाण्याची टाकी कराची हाये. मोठी. मासे ठेवाले."

"वर्ध्यात?" मी म्हटलं. "आपल्या इथून कोणत्याई बाजूनं निंघालं तरी समुद्र सारखाच लांब हाये."

"म्हणूनच घरात कराची," ती म्हणाली आणि ताटात भात वाढून घेतला.

मला वाटलं, दोन दिवसांचं खूळ आहे. पण सहा महिने ती नुसती वाचत आणि पाहत होती. मोबाइलवर लोकांच्या टाक्या बघायची, थांबवून थांबवून वहीत लिहायची. आलेखाच्या कागदावर तिनं टाकी काढली: पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. खाली कपाटात दुसरी छोटी टाकी, तिथे पाणी गाळून पंपानं पुन्हा वर. मी तो कागद पाहून म्हटलं, "यात म्हशीचं पारडू मावते." ती म्हणाली, "मावते, पण जगत नाई." तिला माझ्या थट्टेचं उत्तर देता येत असे. फार वेळा ती देत नसे, एवढंच.

खरी अडचण वजनाची होती. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. काच, लोखंडी स्टँड, दगड आणि पाणी धरून आठशे किलो. खालच्या फ्लॅटमध्ये राहणारे काका मूळचे सेलूकडचे शेतकरी, त्यांनी हिशेब लगेच आपल्या मापात नेला. "आठ क्विंटल? म्हंजे माह्या डोक्यावर कापसाची गाडी उभी करून राह्यल्या तुमी!" मी मनातून खूश झालो, की आता हे प्रकरण इथेच मिटलं. पण बायको इमारत बांधणाऱ्या इंजिनिअरला शोधून घेऊन आली, बीम कुठून जातो ते समजून घेतलं, आणि स्टुलावर चढून काकांच्याच छतावर खडूनं रेघ ओढून दाखवली. टाकी बरोबर त्या रेघेवर, भिंतीला लागून बसणार होती. काका रेघेकडे बराच वेळ पाहत राहिले. मग परवानगी दिली आणि पलंग मात्र दुसऱ्या खोलीत हलवला.

टाकी वर चढवायला जिनिंगमधले सहा हमाल आले. कापसाच्या गाठी उचलणारे हात, पण त्या काचेला त्यांनी जिन्याच्या वळणावर तान्ह्या पोरासारखं धरलं. टाकी जाग्यावर बसेपर्यंत त्यांनी चहाला हात लावला नाही. मग पुढचा सगळा महिना बायको फरशीवर आडवी पडून पाइप कापत होती, चिकटवत होती, सुकले की नाही ते पाहत होती. साधं पाणी भरून तिनं आठवडाभर टाकी चालवून पाहिली. खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली. रोज सकाळी ती एकेका कागदावर हात फिरवायची. मीही फिरवायचो. माझ्या हातात काळजी कमी आणि आशा जास्त होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. आठ दिवसांत एक थेंब सांडला नाही.

मग नागपूरहून मिठाच्या बादल्या आल्या. गाळलेल्या पाण्यात हे मीठ घालायचं, ढवळायचं, एक थेंब छोट्या नळीच्या काचेवर ठेवून ती उजेडाकडे धरायची आणि आतला आकडा वाचायचा. हजारात पस्तीस. चौतीस नाही, छत्तीस नाही. दगड रचले, दिवा लागला, पाणी फिरू लागलं, आणि त्यानंतर दीड महिना टाकीत काहीच नव्हतं. दगड आणि पाणी. सोसायटीतले लोक येऊन विचारायचे, "मासे कुठी हायेत?" मी सांगायचो, "कोकणातून निंघाले, गाडी लेट हाये." लोक हसायचे. बायको सांगायची, की आधी पाण्यात घाण पचवणारे बारीक जीव वसले पाहिजेत. "घर बांधलं का आंधी पाण्याची, मोरीची सोय. मंग माणसं." हे ती इतक्या शांतपणे सांगायची, की एकदा मलाच उगाच ओशाळल्यासारखं झालं. एकदाच.

शेवटी मासे आले. पांढऱ्या पट्ट्यांची नारिंगी जोडी, बशीसारखा चपटा गडद निळा एक, आणि दगडावर चिकटून बसणारं समुद्रफूल. ते फूल म्हणजे प्राणीच, बोटांसारख्या शंभर पाकळ्या हलवत बसलेला. ती नारिंगी जोडी त्याच्यात अंग घुसळायची. पुढे प्रवाळ आले, टाकी रंगत गेली. मी वर्तमानपत्र घेऊन टाकीसमोर बसू लागलो. आल्यागेल्याला "आमची टाकी" असं सांगूही लागलो. तिचं श्रेय, माझी चौकशी खिडकी.

तीन वर्षं अशी गेली. मागच्या मे महिन्यात आष्टीला तिच्या मोठ्या बहिणीचा पाय मोडला. पंधरा दिवस तिथे राहणं भाग होतं. निघताना बायकोनं मला टाकीसमोर उभं केलं आणि सगळं समजावलं. पाणी थंड राहावं म्हणून टाकीवर पंखे चालायचे. त्यामुळे रोज दहा-बारा लिटर पाणी उडायचं. ते काचेवरच्या खुणेपर्यंत भरायचं. पांढऱ्या कॅनमध्ये काय, निळ्या ड्रममध्ये काय, हेही तिनं सांगितलं असणार. मी "हो, हो, समजलं" म्हणत होतो आणि तिची बस किती वाजता हे तिलाच सांगत होतो. पालथ्या घड्यावर पाणी. जाताना ती दारात थांबून म्हणाली, "तुमच्या भरवशावर सोडून चालली." असं ती आधी कधी म्हणाली नव्हती. मला फार बरं वाटलं.

पहिल्याच संध्याकाळी पाणी खुणेखाली गेलं. पांढऱ्या कॅनमध्ये गोडं पाणी होतं, निळ्या ड्रममध्ये समुद्राचं, मीठ कालवलेलं. मी क्षणभर विचार केला. समुद्रातल्या जिवांना गोडं पाणी कसं द्यायचं? आपण घरी आलेल्याला खारं पाणी देऊ का? काका पाहायला आले होते, त्यांनीही मान डोलावली. "बराबर हाये भाऊ. ज्याचं त्याले." आणि मी ड्रममधून बादली भरून टाकीत ओतली. सहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, खुणेपर्यंत, अगदी मन लावून.

सातव्या दिवशी काकांनीच दाखवलं. "फूल मिटून राह्यलं, भाऊ." समुद्रफूल आक्रसून मुठीएवढं झालं होतं. निळा मासा कोपऱ्यात, पाण्याच्या वरच्या थरात, भराभर कल्ले हलवत होता. तिनं तीन वर्षांत उभं केलेलं सगळं माझ्या हातात होतं, आणि ते मरत होतं. मी फोन लावला.

तिनं पहिल्यांदा एकच विचारलं, "वरतून कोणतं पाणी टाकलं?"

"निळ्या ड्रमातलं."

ती म्हणाली, "अहो, वरण आटलं का खारं होते. त्यात तुमी मीठ टाकता का पाणी?"

मी तिथेच खुर्चीवर बसलो. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. दर उन्हाळ्यात कूलरच्या जाळीवरचे पांढरे थर मी स्वतः चाकूनं खरवडत आलो आहे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल माझाच.

"नळी धरा उजेडाकडे. किती दिसते?"

"चाळीसले थोडं कमी."

"आता घाबरून एकदम गोडं पाणी ओतू नोका. त्याईले तेई सोसत नाई. सहा दिवसांत बिगडवलं ना? सहा दिवसांतच सुधरवा. रोज एक बादली आतलं काढा, एक बादली गोडं टाका, मगा-मगानं. आटलेलं तेवढं वेगळं भरा, तेई गोडंच. अन् रोज आकडा पाहा."

मी म्हटलं, "तू ये ना. मले नाई जमत."

"ताईले उठून बसताई येत नाई. मी नाई येऊ शकत." मग म्हणाली, "तुमी करान."

आवाज चढला नाही, एक टोमणा नाही. तिच्या जागी मी असतो तर आष्टीहून वर्ध्यापर्यंत ऐकू गेलं असतं. त्या क्षणी मला या बाईचा जो आदर वाटला, तो लग्नाला चाळीस वर्षं होऊनही तिला सांगायचा राहून गेला आहे.

पुढचे सहा दिवस मी कुठे गेलो नाही. दर अर्ध्या तासानं एक मग. नळी उजेडाकडे. एकोणचाळीस, अडतीस. तेव्हा पहिल्यांदा मी ती टाकी नीट पाहिली. पाइपचा एकेक सांधा, त्यावर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या, रात्री सगळं बंद पडलं तर काय करायचं त्याची सोय. आपल्या घरात कोण राहतं हे मला ठाऊक नव्हतं म्हणायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी निळा मासा आडवा झाला आणि पुन्हा उठला नाही. मी त्याला स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवलं. नागपूरला जाऊन तसाच दुसरा आणून सोडावा, असं मनात आलं. पण तिच्या नजरेतून ते सुटलं नसतं. फोनवर मात्र "सगळे ठीक हायेत" म्हणालो. पाचव्या दिवशी समुद्रफुलानं पाकळ्या सोडल्या, तेव्हा मी काकांसमोर डोळे पुसले.

ती दुपारच्या बसनं आली. मी स्टँडवरच सांगून टाकलं, "निळा गेला."

"आवाजावरून समजलं होतं," ती म्हणाली.

घरी येऊन ती चप्पल काढून सरळ टाकीसमोर उभी राहिली. नळी धरून आकडा पाहिला. पस्तीस. "बाकीचे वाचवले तुमी," म्हणाली. मी डबा आणि खुरपी घेऊन गॅलरीत गेलो, मोगऱ्याच्या मोठ्या कुंडीत भिंतीकडच्या बाजूला माती उकरायला बसलो.

"तिथं नोका," ती मागून म्हणाली. "तिथं दोन हायेत."

मला कळलं नाही. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि बोटानं दाखवू लागली. "या बाजूनं तीन. जास्वंदीत दोन. पह्यल्या वर्षाचे. तवा मलेई जमत नव्हतं. निळा तर हा दुसरा हाये, पह्यला दिवाळीच्या आंधीच गेलता."

सात मासे. मी रोज टाकीसमोर बसत होतो, आणि माझ्या लेखी निळा मासा म्हणजे निळा मासा.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"सकाळी तुमी उठाच्या आंधी पुरून टाकत होती." तिनं माझ्या हातातली खुरपी घेतली. "तुमी हासले असते."

मी हसलोच असतो. काय म्हणून हसलो असतो, तेही तिथल्या तिथं सुचलं, आणि मला माझीच शिसारी आली. तिनं कढीपत्त्याच्या कुंडीत खड्डा केला. मी डबा उघडून तिच्या हातात दिला.