पट्टीने ओढलेल्या रेघा

आमच्या घरी कुठल्याही दुखण्यावर पहिला इलाज पुस्तकाचा. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा कोनाड्यातले देव गेले आणि तिथे पुस्तकं आली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो कोनाडा आयुष्यभर भरता ठेवला. मी गणितात नापास झाले, अण्णांनी पुस्तक आणलं. मैत्रिणीशी बिनसलं, पुस्तक आणलं. लग्न ठरलं तेव्हाही एक आणलं, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही हा भाग वेगळा. त्यांचा नियम असा की पुस्तकाला खाकी कव्हर घालायचं आणि पटलेल्या वाक्याखाली पेन्सिलीने, पट्टी लावून रेघ ओढायची. नुसत्या हाताने ओढलेली रेघ त्यांना पुस्तकाचा अपमान वाटे. शिकलेल्या माणसाने रडगाणं गाऊ नये, वाचावं, असं ते म्हणत.

दोन वर्षांपूर्वी माझा नवरा गेला. जलदान विधी आटोपला, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि मी पुस्तकांच्या दुकानात गेले. मन कसं सावरावं, नको ते विचार कसे हाकलावेत, पहाटे उठून आयुष्य कसं बदलावं, अशी अकरा पुस्तकं मी वाचून काढली. सगळ्यांना कव्हर, सगळ्यांत रेघा. पहाटे उठायला तर मला पुस्तकाची गरजच नव्हती, झोपच लागत नव्हती.

बिबवेवाडीहून रिक्षाने स्वारगेटला यायचं आणि तिथून बसने कचेरी गाठायची, हा माझा वीस वर्षांचा रस्ता. आता बस समोर यायची, दार उघडायचं आणि माझा पाय उचलायचा नाही. एकदा कंडक्टर म्हणाला, "मावशी, चढणार आहात की नुसत्याच बघायला आलात?" मी तीन-तीन बस सोडायचे. बाकावर बसून पर्समधलं पुस्तक वाचायचे, रेघा घरी येऊन पट्टीने ओढायचे, आणि उशिरा कामावर पोचायचे.

लेक माझ्याजवळच राहते, आयटीत आहे. बाप गेल्यावर काही दिवसांनी ती म्हणाली, "आई, ऑफिसात अचानक रडू येतं गं." मी कपाटातून माझं एक वाचलेलं पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. पुढे ज्या मुलाशी ती लग्न करणार होती त्याने नकार दिला, तेव्हा दुसरं दिलं. दोन्ही वेळा ती "थँक्यू" म्हणाली. त्यानंतर मात्र ती मला काही सांगायला आलीच नाही. जेवलीस का, गॅस बंद केलास का, एवढंच आमचं बोलणं उरलं. बस चुकली तर दुसरी येते. घरातलं एकुलतं एक माणूस हातचं निघून चाललं होतं, त्याची मला भीती वाटायची.

शेवटी साहेब म्हणाले, "मॅडम, रोजचा उशीर बरा नाही. कुणाशी तरी बोलून बघा." एका सहकारी बाईंनी पत्ता दिला. मार्केट यार्डाजवळ, मसाल्याच्या दुकानाच्या वर. खाली मिरचीची पोती उतरत होती, त्यामुळे मी शिंकत आणि डोळे पुसतच आत गेले. समुपदेशक बाईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. मी म्हटलं, "अहो, मिरची आहे."

बाई माझ्या लेकीच्या वयाची. मी वही काढली. अकरा पुस्तकांचं सार, माझा त्रास, त्याची कारणं, सगळं मुद्देसूद लिहून नेलं होतं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे पुस्तकांचं झालं. तुम्हाला काय होतं?" मग वही मिटायला लावली आणि गप्प बसली. पुस्तकही गप्पच असतं, पण ते आपल्या उत्तरासाठी थांबत नाही. नको वाटलं की पान उलटता येतं. इथे काय उलटणार? मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पाऊण तास काढला. भयंकर राग आला होता. जिना उतरताना ठरवलं, पुन्हा यायचं नाही. तरी गेले, कारण साहेबांना सांगून बसले होते.

चौथ्या खेपेला तोंडातून निघालं, "संध्याकाळी हे स्कूटर घेऊन स्वारगेटला उभे असायचे. सकाळी बसमध्ये चढलं की संध्याकाळी तिथे उतरावं लागतं." एवढंच. हे वाक्य अकरा पुस्तकांत नव्हतं, असणार कुठून? बाईही काही मोठं बोलली नाही. "हे घरी कुणाला सांगितलंत?" एवढंच तिने विचारलं. त्या दिवशी मी घरी जाऊन कपडेही न बदलता झोपले. बरी झाले होते असं नाही, फार दमले होते.

रविवारी लेक कोथिंबीर निवडत होती. मी समोर बसून तेच वाक्य तिला सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"माहितीय," ती म्हणाली.

हात पुसून ती आत गेली आणि मी दिलेलं दुसरं पुस्तक घेऊन आली. "मी हे वाचलंच नाही, आई. फक्त तुझ्या रेघा वाचल्या." तिने एक पान उघडून धरलं. माणूस गेल्यावर संध्याकाळी घरी परतणं जड जातं, असं काहीसं तिथे होतं, आणि खालची रेघ वाकडीतिकडी गेली होती. "बाकी सगळ्या सरळ आहेत. इथे तुझ्याजवळ पट्टी नव्हती. स्वारगेटला बसली होतीस ना?"

मी म्हटलं, "इतकं कळत होतं, तर विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू मला अजून एक पुस्तक दिलं असतंस."

खरं होतं ते. मी कोथिंबिरीची अर्धी जुडी माझ्याकडे ओढली. "त्या मुलाने नाही म्हटलं, तेव्हा तुला काय झालं होतं?" मी विचारलं आणि गप्प राहिले. ती कोथिंबिरीचे देठ खुडत राहिली. पुस्तकांचं कपाट माझ्या पाठीमागेच होतं. मी उठले नाही.