चांगल्या हाताला मोजा

आखडलेल्या खांद्याला शेक घ्यायला मी जिथे जाते, तिथे आज समोरच्या सतरंजीवर चार-पाच वर्षांची एक मुलगी बसली होती. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. डावा हात कोपरात दुमडलेला, मूठ घट्ट मिटलेली. आणि उजव्या, चांगल्या हाताला जाड मोजा चढवलेला, म्हणजे डाव्याला काम करावंच लागेल. पुढ्यातल्या ताटलीत राजगिऱ्याची वडी होती.

मूठ कशीबशी उघडायची, बोटं वडीला लागायची, वडी पुढे सरकायची. पुन्हा तेच. मला बसवेना. धडधाकट हात कोंडून ठेवायचा, हा कसला उपचार? शेवटी मी वडी उचलून द्यायला वाकलेच.

"राहू द्या ताई," शेजारी बसलेली तिची आई म्हणाली. "मलाही बघवत नाही. पण आपण दिली की तो हात पुन्हा गप्प बसतो."

तिने स्वतःचे दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले होते, चांगला पीळ देऊन.

मी मागे सरकले. मला कुणाचं अडलेलं वाक्यसुद्धा पुरं होऊ देववत नाही; मध्येच शब्द पुरवते आणि त्याला माया म्हणते.

तेवढ्यात वडी ताटलीबाहेर पडली. मुलीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आईने ओढणी आणखी आवळली. मी हात मांड्यांखाली दाबून धरले.

आतून माझं नाव पुकारलं. मी उठले नाही. उठले असते, तर हात मोकळे झाले असते.