वाघबारशीची सुटी

खोडाळ्याच्या बाजारात दवंडी पिटणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव मला कधी कळलं नाही. आधी खोकायचा, मग एक डोळा मिटून ओरडायचा. मी त्याची नक्कल करायचो आणि बाजार हसायचा.

एकदा तो नुसता खोकला, मग मला बाजूला घेऊन हुकूम सांगू लागला. जव्हारच्या दरबारानं साऱ्या संस्थानाला नवी सुटी दिली होती. त्या दिवशी पाड्यापाड्यातून सगळ्यांनी रानातून चालत जव्हारला मुजऱ्याला यायचं. कचेरीनं चांगला दिवस म्हणून वसुबारस धरली. आमच्या डोंगरात ती वाघबारस. त्या दिवशी वाघोबाला पुजतात, रानात कुणी पाऊल टाकत नाही.

"कचेरीत सांगायचं ना, बाबा," मी म्हणालो.

"सांगितलं. म्हणाले, हुकूम निघाला. आता वाघाला कोण सांगल?" तो माझ्याकडे वळला. "तू माझा आवाज काढतोस ना? मग तूच सांग. माझ्या तोंडातून नको. जो सांगल त्याला वाघोबा धरल."

मी खोकलो, डोळा मिटला आणि तारीख सांगितली. कुणी हसलं नाही. बायांनी पोरं जवळ ओढली.

घरी जाताना रानाच्या वाटेवर मला खरोखरच खोकला आला, अगदी त्याच्यासारखा. मी पळत सुटलो.