दाराजवळचा तुकडा

उरला या हिंदी मुलखातल्या औद्योगिक वसाहतीत ज्या कारखान्यात बाबा भट्टीवर होते, त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये मी लागले. तिथे सगळे त्यांना भैया म्हणत. मी मात्र तिथे त्यांना बाबाही म्हणत नसे. शिकल्याचा तोरा होता मला, आज कबूल करते.

काम ट्रकच्या गिअरचं. पोलादात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे दाणे असतात. भट्टी जास्त तापली की ते एकमेकांना गिळून मोठे होतात, आणि गिअर वरून कितीही कडक दिसला तरी आतून ठिसूळ होतो. म्हणून प्रत्येक बॅचबरोबर त्याच पोलादाचा एक तुकडा तारेनं बांधून भट्टीत टांगायचा. नंतर मी तो कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. दाणे बारीक दिसले की माझी सही, आणि माल बाहेर.

बाबांच्या रिटायरमेंटला महिना उरला होता. एक गिअर पेटीत ठेवताना कुणाच्या तरी हातून निसटला आणि त्याचा दात तुटला. तुटलेली जागा खडीसाखरेसारखी चमकत होती. एवढे जाड दाणे! आणि या बॅचचा तुकडा मी सकाळीच पास केला होता. तशीच तावातावानं भट्टीकडे गेले.

"तुकडा कुठं टांगला होता?"

"दाराजवळ," बाबा म्हणाले. "सगळेच तिथं टांगतात. चिमट्यानं काढाले सोपं जाते."

दार नीट बसत नव्हतं, त्यामुळे तिथे उष्णता कमी पडायची. तिथले गिअर कच्चे राहू नयेत म्हणून बाबा भट्टी थोडी वाढवत. मग दाराजवळचे गिअर चांगले निघत आणि मधले फाजील तापत. माझ्यासमोर यायचा तो दाराजवळचाच तुकडा.

त्यांनी कुणाला फसवलं नव्हतं, हे मला कळत होतं. तरी मी रिपोर्ट लिहिला: बॅच नामंजूर, भट्टी ठरल्यापेक्षा जास्त तापवली, आणि खाली ती चालवणाऱ्याचं, म्हणजे बाबांचं, नाव. बापाचीही गय केली नाही असं लोकांनी म्हणावं, अशी एक हौसही होती. त्या हौसेची आजही लाज वाटते.

घरी आईनं ताट माझ्यासमोर आदळलं. जेवताना बाबांनीच विषय काढला.

"बराबर लिहिलं तू. मले राग नाही. पन मागच्या बॅचचं काय करून राहिली?"

"मागच्या?"

"दोन वर्षांपासून दार असंच आहे, अन् तुकडा तिथंच टांगून राहिलो न मी. सह्या तं तुझ्याच आहेत सगळ्यावर."

"मंग तुमी मले काहून नाही सांगितलं?"

"तू शिकलेली. मले वाटलं, तुले माहीत असन."

मी एकदाही भट्टीपर्यंत जाऊन पाहिलं नव्हतं. ते गिअर गाड्यांत बसून केव्हाच रस्त्याला लागले होते. परत मागवायचे तर तपासणी माझी चुकली असं लेखी द्यायला हवं होतं, आणि त्यात नोकरी जाण्याची भीती होती.

बाबांचं नाव लिहायला मला पाच मिनिटं लागली होती. माझं लिहायला तीन दिवस लागले, आणि ते तिन्ही दिवस त्या गाड्या चालत होत्या.