अंगणातली गाडी

आमचा समोरचा शेजारी, ज्याला सगळे भाऊ म्हणतात, कुणाच्याही घरात शिरला की आधी बटणांकडे बघतो. "पंखा काऊन चालू हाय, गुरुजी? पंख्याखाली तं कोणी नाई," म्हणत बंदही करून टाकतो. मला त्याचा राग यायचा.

त्याची गाडी घरच्या विजेवर चार्ज होते आणि पेट्रोलवरही चालते. आमच्या भामरागडात पुराने रस्ता तुटतो, म्हणून पावसाळ्याआधी सगळे तांदूळ-डाळ भरून ठेवतात. हा गाडीची टाकी भरतो आणि मग पावसाळाभर ती अंगणातून हलवत नाही. लोक हसायचे.

यंदा पुलावर पाणी चढलं, लाईट गेली आणि आईचं ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं. मी हाक मारायच्या आत तो गाडीतल्या घरगुती विजेच्या प्लगपासून वायर ओढत खिडकीशी आला. यंत्र घरघरू लागलं. बायकोने त्याच्या चहासाठी विजेची किटली त्याच वायरीवर लावली, भार वाढला आणि यंत्र पुन्हा थांबलं. आईचे ओठ निळे पडू लागले. त्याने धावत येऊन किटली उपटली, गाडीतलं बटण पुन्हा दाबलं. "माहा चहा राहू द्या, बाई."

दुपारी बॅटरी उतरली आणि इंजिन आपोआप सुरू झालं. तो स्टिअरिंगपाशी पेट्रोलच्या काट्याकडे बघत बसून राहिला.

संध्याकाळी लाईट आली. वायर गुंडाळून जाता जाता त्याने आमच्या ओसरीवरचा दिवा बंद केला. तो पुन्हा लावायला घरातलं कोणी उठलं नाही.