गोळीचा रंग कोण ठरवतं?

आमच्या आबांना लिहितावाचता येत नाही, पण चार कळप एकत्र मिसळले तरी आपलं मेंढरू ते पाठीवरच्या रंगाच्या ठिपक्यावरून लांबून ओळखतात. आमच्या तालुक्याच्या, वाशीच्या सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्याही ते तशाच ओळखत. पांढरी रक्तदाबाची, ती उठल्या उठल्या. गुलाबी साखरेची, ती भाकरी समोर आल्यावरच. चार वर्षं यात एकदाही चूक झाली नव्हती.

मग एका महिन्यात रक्तदाबाची गोळी गुलाबी आली आणि साखरेची पांढरी. आणून देणारा मी, शाळेत मास्तर असलेला त्यांचा मुलगा, पण माझ्या काही लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी आबांनी उपाशीपोटी पांढरी गिळली आणि मेंढरांच्या वाडग्याकडे गेले. थोड्या वेळानं घामानं डबडबून मेंढरांतच खाली बसले. आईनं धावत जाऊन गुळाचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. मला भीती वाटली आणि त्याहून जास्त लाज वाटली.

नसत्या चौकशा करायची मला खोडच आहे. दवाखान्यात औषधं देणाऱ्या बाईंना मी विचारलं, गोळीचा रंग कोण ठरवतं? त्या हसल्या. म्हणाल्या, कंपनीची मर्जी. सरकार निविदा काढतं आणि ज्याचा दर कमी त्याच्याकडून गोळ्या घेतं. कंत्राट संपलं की दुसरी कंपनी, दुसरा रंग. आतलं औषध तेच. मध्येच वरून माल आला नाही, तर जवळपास मिळेल तो घ्यायचा. म्हणजे तिसरा रंग.

तिथून मी औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार माझा शाळासोबती. त्यानं काउंटरवर दोन पट्ट्या ठेवल्या. औषध एकच, किंमत मात्र एकीची दुसरीच्या चौपट. असं कसं, विचारलं तर म्हणाला, महागडीवर कंपनीनं ठेवलेलं नाव मोठं छापलेलं असतं. ते नाव घेऊन डॉक्टरांकडे फिरणारी माणसं, ठोक व्यापारी, मग मी, सगळ्यांचा वाटा त्या छापील किमतीत. हिचा रंग तरी बदलत नाही ना, मी विचारलं. नाही म्हणाला. रंग न बदलण्याचेही पैसे पडतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी महागडी पट्टी घेऊन घरी आलो.

आबांनी ती हातातही धरली नाही.

"रंगाचं काय घिऊन बसलास? पावसानं ठिपका धुतला तर मेंढरू म्या तोंडावरनं वळखतो. गोळीला बी तोंड आसंल की."

मी पट्ट्या उलटून पाहिल्या. तोंड होतं. कंपनी कुठलीही असो, औषधाचं मूळ नाव सगळीकडे छापलेलं होतं. महागडीवर मुंगीएवढं, सरकारीवर चांगलं ठळक. पण इंग्रजीत. मी आबांना प्रत्येक नावाचं फक्त पहिलं अक्षर दाखवलं. रक्तदाबाचं होतं A. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, हे तर आपलं पाल, रानात मुक्कामाला ठोकतो तसं, मधी आडवी काठी. साखरेचं होतं G. ते त्यांना एडक्याचं वळलेलं शिंग वाटलं. झालं एवढंच शिक्षण. महागडी पट्टी मी परत करून आलो.

पुढं वर्षभरात रंग पुन्हा बदलले. एका सकाळी मला शाळेची घाई होती आणि आई मळ्यात गेली होती. मी डब्यातून पट्टी काढली, गोळी फोडली आणि पाण्याच्या तांब्यासोबत आबांच्या हातात दिली. त्यांनी गोळीकडे पाहिलंच नाही. पट्टी मागून घेतली, उलटी केली, उजेडाकडे धरली.

"मास्तर, हे शिंग हाय. पाल कुठाय?"

चूल अजून पेटलेली नव्हती, आणि मी रंग बघून गोळी काढली होती.